पितृपंधरवड्यातली दिवाळीची खरेदी

यंदा दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी मी पितृपंधरवड्यात बाहेर पडणार आहे, हे ऐकल्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंचा हात थांबला. या पंधरा दिवसांत घरात नवी वस्तू आणायची नाही, हा त्यांच्या माहेरचा आणि सासरचा, दोन्हीकडचा दंडक आहे. मी त्यांना समजावून सांगितले की आणायचे काहीच नाही. कारागिरांच्या घरी जायचे, काम पाहायचे आणि काय हवे ते सांगून यायचे, एवढाच बेत आहे. थोडा वेळ विचार करून त्यांनीच तोडगा काढला. सांगून ये, पण घट बसायच्या आधी वस्तू उंबऱ्याच्या आत येता कामा नये, असे त्या म्हणाल्या. ही अट मी पाळली आणि पुढे ती मला फार उपयोगी पडली, कारण हाताने घडणाऱ्या वस्तूला जो वेळ द्यावा लागतो तो या अटीमुळे आपोआप दिला गेला.

आमचे गाव वेंगुर्ले तालुक्यात आणि राहणे ठाण्याला. दर वर्षी गणपतीला गावी यायचे आणि विसर्जन झाले की मिळेल ती गाडी पकडून परत जायचे, असा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. यंदा मी आठ दिवसांची रजा वाढवून घेतली. दिवाळीत मला साधारण वीस घरी काही ना काही द्यायचे असते आणि गेली काही वर्षे ते काम मी धनत्रयोदशीच्या आधीच्या शनिवारी एका दुपारी उरकत आले होते. सुकामेव्याचे डबे, उटण्याची पाकिटे, सुगंधी मेणबत्त्या, असे काहीतरी एकाच दुकानातून घ्यायचे आणि पिशव्यांवर नावे लिहून टाकायची. पुढच्या वर्षी यादी करायला बसले की मागच्या वर्षी कोणाला काय दिले होते ते मला आठवतही नसे, आणि याची मला मनातून लाज वाटू लागली होती.

त्यात तीन वर्षांपूर्वी एकदा फसगत झाली. शहरातल्या एका प्रदर्शनात मी हाताने रंगवलेला म्हणून विकला जाणारा गंजिफेचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा संच घेतला आणि भाऊबीजेला भावाला दिला. त्याला पत्त्यांच्या जुन्या खेळांची मनापासून आवड आहे. दोन दिवसांनी त्याचा फोन आला आणि मला वाईट वाटू नये अशा बेताने त्याने सांगितले की मत्स्य अवताराच्या दहाच्या पानावरचे दहाही मासे हुबेहूब सारखे आहेत. शेपटीजवळ रंगाचा एक चुकार ठिपका आहे, तोही प्रत्येक माशाला त्याच जागी आहे. ती छपाई होती. खेळ खेळता आला, त्या दृष्टीने भेट वाया गेली नाही, पण मी त्याला जे सांगून दिले होते ते खरे नव्हते, ही गोष्ट मला बरेच दिवस खात राहिली. विकणाऱ्याने फसवले हे तर झालेच. परंतु ती पाने जिथे खरोखर रंगवली जातात ती सावंतवाडी आमच्या गावापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर असताना, मी सून म्हणून या घरात आल्याला वीस वर्षे होऊनही तिथल्या एकाही कारागिराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

पहिल्या दिवशी मी पिंगुळीला गेले. हे गाव कुडाळला लागूनच, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला आहे आणि पुष्कळ लोक ते राऊळ महाराजांच्या मठामुळे ओळखतात. गावातल्या गुढीपूर भागात ठाकर समाजाची घरे आहेत आणि चित्रकथीची परंपरा या घरांनी जपलेली आहे. कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातले आख्यान गाऊन सांगायचे, असा हा प्रकार आहे. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे सांगणाऱ्याने पान उलटले की पुढचा प्रसंग लगेच श्रोत्यांपुढे येतो. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. बाहेरच्या जगात मात्र ही चित्रे पुष्कळ काळ पैठण शैली या नावाने ओळखली जात, आणि ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या हाताळली त्यांच्या गावाचे नाव मागेच राहिले. आता तसे राहिलेले नाही. याच गावातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्याच्या जागी उभे केलेले ठाकर आदिवासी कला आंगण पाहायला दुरून लोक येतात. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही तिथे पाहायला मिळतात.

मी ज्या चित्रकाराच्या घरी गेले, त्यांनी एकही चित्र बाहेर काढण्याआधी विचारले, "द्यायचा कोणाक?" हा प्रश्न मला आजवर कोणत्याही दुकानात कोणी विचारलेला नव्हता, तिथे किती रुपयांपर्यंतचे हवे, एवढेच विचारतात. मी सांगितले की एक चित्र भाचीला द्यायचे आहे, तिचे नुकतेच लग्न होऊन तिने नवे बिऱ्हाड थाटले आहे. आणि दुसरे आमच्या आत्याबाईंना, त्या पंच्याऐंशी वर्षांच्या असून एकट्या राहतात. चित्रकारांनी चित्रांच्या चळतीतून लढाईचे सगळे प्रसंग वेगळे करून बाजूला ठेवले. भाचीसाठी त्यांनी गणपती आणि सरस्वतीची जोडी पुढे केली, कारण कोणत्याही आख्यानाची सुरुवात या दोघांना नमन करूनच होते, तेव्हा नव्या घराची सुरुवातही त्यांनीच व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. आत्याबाईंसाठी त्यांनी अशोकवनातले चित्र काढले. सीता झाडाखाली बसलेली आहे आणि मारुती रामाची अंगठी तिच्यापुढे धरतो आहे. "वाट बघणाऱ्या माणसाक ह्या बरा," असे ते म्हणाले आणि मग जराही आव न आणता त्या प्रसंगाच्या चार ओळी त्यांनी बसल्या बसल्या गाऊन दाखवल्या. त्यांच्या परवानगीने मी त्या फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या.

ते चित्र मी बराच वेळ हातात धरून पाहिले. चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले असतात, पण डोळा मात्र समोरून पाहावा तसा मोठा आणि पूर्ण उघडा असतो. वस्त्रांच्या कडेला ठिपक्यांची किनार असते आणि ते ठिपके पाहिले की हाताचा वेग कळतो. सुरुवातीचे टपोरे, कुंचल्यातला रंग संपत आला की बारीक, पुन्हा बुडवला की टपोरे. सीतेच्या मागच्या झाडाची पाने अशीच भरत नेलेली होती. जुन्या पोथ्यांतले रंग दगड-मातीचे आणि झाडपाल्याचे असत, आता विकण्यासाठी केलेल्या चित्रांत तयार रंगही वापरतो, हे त्यांनी मी न विचारता आपणहून सांगितले. घरातली जुनी पोथी त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. ती उघडून दाखवली, पण ती विकायची नाही हे दाखवण्याआधीच सांगून ठेवले. मी निवडलेली दोन्ही चित्रे त्यांनी नव्याने काढून द्यायचे ठरले, कारण सरस्वतीच्या मोराला त्या चळतीतल्या प्रतीत पावसाळी दमटपणाने बुरशीचा डाग आला होता आणि तसे चित्र द्यायला ते तयार नव्हते.

सावंतवाडीला मी दोन दिवस गेले. मोती तलावाच्या काठाने पुढे बाजारात शिरले की चितार आळी लागते. लाकडी आंबे, केळी, फणस, मिरच्या, वांगी यांच्या रंगांनी दुकानांच्या पायऱ्या भरलेल्या असतात. लहानपणी कोकणात आलेल्या प्रत्येकाने तिथून टोपलीभर फळे घरी नेलेली असतात. सगळाच माल मात्र इथे घडलेला नसतो; काही खेळणी बाहेरगावाहूनही येतात, आणि नीट विचारले तर दुकानदार खरे ते सांगतात. माझी अडचण वेगळी होती. मला वस्तू घडताना पाहायची होती. एका दुकानदाराने मला मागच्या बोळातल्या कारखान्याचा रस्ता दाखवला. कारखाना म्हणजे कौलारू पडवीत बसवलेली दोन लेथ, एका कोपऱ्यात वाळत ठेवलेले लाकडाचे ठोकळे आणि खिडकीखाली रंगकाम करणाऱ्या दोन बायका.

तिथे मी काजूचे बोंड घडताना पाहिले. लाकूड पांगाऱ्याचे होते. कोकणात पांगारा मिरीचे आणि पानाचे वेल चढवायला लावतात, त्याच्या खोडाला काटे असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुले येतात. लाकूड पांढरट, मऊ आणि हातात घेतल्यावर आश्चर्य वाटावे इतके हलके असते. पण ओले लाकूड कातले तर ते वाळताना तडकते, म्हणून ते आधी काही महिने सावलीत वाळवावे लागते. पावसाळ्यानंतर जी खेळणी रंगतात त्यांचे लाकूड पावसाआधीच तोडून ठेवलेले असते. कारागिराने ठोकळा लेथवर चढवला, पटाशी टेकवली आणि पाहता पाहता भुशाच्या लांब सळ्या सुटून त्याच्या मांडीवर पडू लागल्या. बोंडाचा आकार यायला काही मिनिटेच पुरली. मला वाटले, काम झाले. ते हसून म्हणाले, "वैनी, आता सुरुवात झाली."

कारण लेथवर फक्त गोल फिरणारी वस्तू होते. पेरू, टोमॅटो, लाटणे, उखळ, हे सगळे लेथ करून देते. काजूची बी मात्र मूत्रपिंडासारखी वळलेली असते, केळे वाकडे असते, मिरची शेंड्याला वळते आणि आंब्याला चोच असते. यातले काहीही गोल फिरवून होत नाही. बी त्यांनी वेगळ्या तुकड्यातून हाताने कोरली, कानशीने गोलवली, तिला आणि बोंडाला बारीक भोके पाडून लाकडाच्याच काडीने दोन्ही जोडली आणि सांध्यावर पॉलिश पेपर इतका फिरवला की बोटाला सांधा लागेना. पुढचे काम खिडकीखाली होते. बोंडावर आधी पिवळा रंग, तो वाळल्यावर वरून तांबडा, आणि तो तांबडा देठाकडे गडद आणि बीकडे फिका होत पिवळ्यात विरघळला पाहिजे, कारण झाडावरचे बोंड तसेच पिकते. ते रंगवणाऱ्या बाईंनी मला दोन बोंडे शेजारी ठेवून दाखवली. एक त्यांचे होते आणि दुसरे नव्याने शिकणाऱ्या मुलीचे; दुसऱ्यात तांबडा रंग एका रेषेवर येऊन थांबला होता. चूक कुठे आहे हे मला त्यांनी सांगण्याआधीच दिसले, आणि ज्या वस्तूकडे मी आयुष्यभर नुसते छान आहे म्हणून पाहत आले होते तिच्याकडे पहिल्यांदाच मला नीट पाहता आले.

भाद्रपदात हवेत ओल असते आणि रंगाचा एक हात वाळायला एरवीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. घाईने वर दुसरा हात दिला तर आतला रंग ओला राहतो आणि पुढे पापुद्रा निघतो. दिवाळीच्या तोंडावर येणारे गिऱ्हाईक नेमकी हीच घाई करायला लावते, असे ते कारागीर कोणताही कडवटपणा न ठेवता म्हणाले. दर वर्षी त्या शेवटच्या शनिवारी धावत सुटणारे गिऱ्हाईक मीच होते, त्यामुळे मला यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मी मोठ्या पुतणीसाठी भातुकली सांगितली. जाते, चूल, पोळपाट-लाटणे, उखळ-मुसळ आणि ताक घुसळायची रवी, एवढे तिच्यात हवे होते. धाकटा पुतण्या दीड वर्षाचा आहे आणि दिसेल ते तोंडात घालतो, हे सांगितल्यावर त्यांनी त्याच्यासाठी रंगवलेले काहीही देण्याचे नाकारले. सुटे बारीक भाग असलेले तर नकोच, असेही त्यांनी बजावले. शेवटी एका अखंड तुकड्याची, रंग न लावता नुसती घासून गुळगुळीत केलेली गाडी करून द्यायचे ठरले. चाके न फिरणारी ही गाडी त्या दुकानात कुठेही मांडलेली नव्हती. ती एका मुलासाठी तिथल्या तिथे ठरली.

दुसऱ्या दिवशी गंजिफा. हे लिहिताना मी थोडी थांबून थांबून लिहिणार आहे, कारण सगळ्या प्रवासात माझे मन जिथे सर्वांत जास्त गुंतले ते इथे. गंजिफेचा खेळ फार जुना आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनाला गंजिफेचे पत्ते पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे त्याला दशावतारांचे रूप मिळाले. दशावतारी संचात गोल आकाराची १२० पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराची बारा, म्हणजे एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा. सावंतवाडीत हे काम चितारी घराण्यांकडे होते आणि विसाव्या शतकात ते जवळजवळ थांबले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलाकाराकडून ते शिकून घेतले, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कामाची सोय केली आणि नवी मुले तयार केली. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये आजही कलाकार बसून पाने रंगवताना दिसतात. सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी खेळण्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दोन माणसांनी मनावर घेतले नसते तर मानांकन द्यायला काही शिल्लकच राहिले नसते, असे मला राजवाड्यातून बाहेर पडताना प्रकर्षाने वाटले.

राजवाडा पाहून मी हीच कला शिकलेल्या एका चित्रकर्तीच्या घरी गेले. त्या खिडकीजवळ पाट घेऊन बसल्या होत्या आणि मत्स्याचे आठाचे पान रंगवत होत्या. गोल पान डाव्या हाताच्या बोटांवर तोललेले होते आणि उजव्या हातात अगदी चार केसांचा वाटावा असा कुंचला. पाठीची एक बाक, मग पोटाची, मग शेपटीचे दोन फराटे, मग खवल्यांच्या तीन रेघा आणि शेवटी डोळा; मासा पूर्ण झाला की पान बोटांवर किंचित फिरवायचे आणि पुढचा सुरू करायचा. मी मुद्दाम मोजत बसले. आठ माशांपैकी एकही दुसऱ्यासारखा नव्हता. तिसऱ्याची शेपटी जरा उचललेली होती आणि सातवा बाकीच्यांहून किंचित लठ्ठ होता. माझ्या मनात प्रदर्शनातले ते दहा मासे आले आणि मी त्यांना झाला प्रकार सांगितला. त्यांनी पुरे झालेले एक पान माझ्या हातात दिले आणि डोळे मिटून अंगठा फिरवायला सांगितला. अंगठ्याला रंगाचा उठाव लागत होता. रेघ जिथे सुरू झाली तिथे जाड आणि जिथे कुंचला उचलला तिथे निमुळती. छापलेल्या पानावर अंगठा नुसता घसरतो. एवढी साधी परीक्षा मला तीन वर्षांपूर्वी ठाऊक असती तर बरे झाले असते.

त्या रंगवत असताना मी मनात हिशेब केला. एका अवताराच्या एक्का ते दहा या पानांवर मिळून ५५ चिन्हे होतात. दहा अवतारांची ५५०. म्हणजे पूर्ण संचासाठी ५५ मासे, ५५ कासवे असे करत साडेपाचशे वेळा कुंचला टेकवून तीच आकृती पुन्हा जिवंत करायची, आणि राजा-प्रधानांची वीस पाने वेगळीच, ज्यात चेहरे, दागिने, वाहने, सगळे येते. शिवाय पाने रंगवण्याआधी ती तयार करणे हे स्वतंत्र काम आहे. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, दाबायचे, गोल कापायचे, त्यावर लेप द्यायचा आणि घोटून गुळगुळीत करायचे. हा हिशेब मनात झाल्यावर त्यांनी सांगितलेली काही हजारांची किंमत मला मुळीच जास्त वाटली नाही. त्याच वेळी बाहेरून आलेले एक जोडपे तीन पानांच्या किमतीवरून घासाघीस करत होते. त्या बाई शांतपणे ऐकत होत्या आणि कुंचला धुवत होत्या. घासाघीस करणाऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही, भाजी घेताना मीही करते. पण समोर बसून काम पाहिल्यावरही ती करावीशी वाटली, याचे मला मनापासून वाईट वाटले. दुसरी गोष्ट फोटोंची. चालू कामाचे फोटो काढण्याआधी विचारावे, कारण तेच फोटो पुढे छपाईवाल्यांच्या हाती पडतात आणि मग माझ्यासारखीला कोणत्यातरी प्रदर्शनात एकसारखे दहा मासे विकले जातात.

मला भावासाठी पूर्ण संच हवा होता. दिवाळीपर्यंत तो होणे शक्य नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. आधीची दोन कामे हातात होती आणि त्यात हवा अशी ओली. माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी दहा अवतारांचे दहा राजे चौकटीत बसवून देण्याचा पर्याय सुचवला. पुष्कळ लोक तसे नेतात. मला ते पटेना. भाऊ खेळणारा माणूस आहे, भिंतीवर टांगलेल्या राजांकडे पाहून त्याला काय समाधान मिळणार! मग मी भीत भीत विचारले की संचातले एकच पान आधी मिळेल का, बाकीची ११९ सवडीने झाली तरी चालतील. त्या विचारात पडल्या. संच फोडायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्याला कारण होते: पानांची जाडी आणि मागचा रंग सगळीकडे सारखा हवा, नाहीतर पाठीवरूनच पान ओळखू येते आणि खेळ बिघडतो. शेवटी त्यांनी मार्ग काढला. एकाच वेळी चिकटवलेल्या कागदातून १२० चकत्या आधीच कापायच्या, सगळ्यांच्या पाठी एकाच दिवशी एकाच रंगाने रंगवायच्या, आणि मग त्यातल्या एकाचीच पुढची बाजू लगेच करून द्यायची.

कोणते पान, असे त्यांनी विचारले तेव्हा मी आधी रामाचा राजा म्हणाले. त्यांनी ओवाळणी किती वाजता करतेस म्हणून विचारले. दिवेलागणीनंतर, मी सांगितले. "मग कृष्ण घे," त्या म्हणाल्या. दशावतारी खेळात दिवसा रामाचे पान धरणारा डाव सुरू करतो आणि रात्री कृष्णाचे पान धरणारा. हे मला भावाकडून कधीतरी ऐकून माहीत होते, पण भेट देण्याच्या वेळेशी त्याचा संबंध जोडणे मला सुचले नसते.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात होतो आणि त्यानंतरच्या आठवडाभरात एकेक पार्सल पोस्टाने येत गेले. सासूबाईंनी पहिले पार्सल स्वतः उघडले. पिंगुळीच्या चित्रांना आत पुठ्ठा घातलेला होता आणि मोर स्वच्छ, नवा, निळा होता. भातुकली जुन्या वर्तमानपत्रांत एकेक नग गुंडाळून आली. काजूची पाच बोंडे मी शेजारच्या घरांसाठी सांगितली होती, त्यातले एक सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढे नैवेद्याच्या वाटीशेजारी ठेवले ते अजून तिथेच आहे. आणखी एक गोष्ट या निमित्ताने मला स्वीकारावी लागली, ती म्हणजे अशी भेट वीस घरी देता येत नाही. पैशांनीही नाही आणि वेळेनेही नाही. यंदा मी ती अकरा घरी दिली; उरलेल्या नऊ घरी फराळाचे ताट घेऊन स्वतः गेले आणि बसून चहा घेतला. आत्याबाईंकडे चित्र घेऊन गेले तेव्हा त्यांना पिंगुळीच्या त्या चार ओळी फोनवर ऐकवल्या. त्यांनी त्या तीनदा लावायला सांगितल्या आणि चित्र भिंतीवर न लावता पलंगाशेजारच्या स्टुलावर, हात पोहोचेल असे उभे करून ठेवले.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी भावाच्या तबकात लहानशी लाकडी डबी ठेवली. त्याने ती उघडली, आतले एकच पान पाहिले, आणि काही न बोलता ते निरांजनाच्या उजेडात तिरपे धरले. रंगाचा उठाव त्याला दिसला. मग त्याने अंगठा फिरवला, अगदी तसाच, जसा मला सावंतवाडीत शिकवला होता, आणि मी त्याला ते सांगितलेलेही नव्हते. "रात्र आहे म्हणून कृष्ण?" त्याने विचारले. मी हो म्हणाले आणि बाकीची ११९ पाने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत येतील, हेही सांगितले. त्याने पान परत डबीत ठेवले आणि जरा काळजीने म्हणाला की खेळ तिघांचा आहे, प्रत्येकी चाळीस पाने. आपण दोघे झालो, तिसरे कोण?

सासूबाई स्वयंपाकघरात बासुंदीच्या वाट्या भरत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "माका शिकवा, मी बसतंय तिसरी."